पंचवीस हजारांची लोकवर्गणी आणि गप्प बसणारी सातवी

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: जिल्हा परिषदेची शाळा, सहावी ते आठवीचं विज्ञान आणि गणित तुमच्याकडे, तिन्ही वर्ग मिळून चाळीस-पन्नास मुलं. प्रश्न विचारला की माना खाली. उत्तर आलंच तर गाइडमधलं, स्वल्पविरामासकट. गावाने लोकवर्गणीतून पंचवीस हजार रुपये जमवलेत. सरपंचांना डिजिटल बोर्ड हवाय, मुख्याध्यापकांना दुर्बीण, आणि मुलांना या विषयांची गोडी लागायला यातलं काय घ्यावं हे तुम्हाला ठरवता येत नाही.

मी पुणे-नगरच्या अवर्षणग्रस्त पट्ट्यात याच वर्गांना बरीच वर्षं शिकवलंय. उत्तर आधी सांगतो. बोर्ड नको, दुर्बीणही आत्ता नको. पाच-सहा हजारांची मोजमापाची साधनं घ्या, उरलेले पैसे शाळा व्यवस्थापन समितीच्या खात्यात राहू द्या. आणि खरेदीला जाण्याआधी एका दुपारी गाजावाजा न करता बघून घ्या, की तुमच्या सातवी-आठवीतल्या किती मुलांना तीन अंकी संख्येला एक अंकी संख्येने भागता येतं. या दोन गोष्टींचा एकमेकींशी काय संबंध, ते पुढे येईलच.

मुलांना कुतूहल नाही, हे मला कधी पटलं नाही. तुमच्या तासाला मान खाली घालणारा मुलगा घरी मोटारीचा स्टार्टर का पडतो ते सांगतो. वीस लिटरच्या पंपात किती औषध घालायचं ते त्याला पाठ असतं. वर्गात तो गप्प बसतो, कारण तिथला मामला त्याला कळलेला असतो. उत्तर मॅडमना माहीत आहे, गाइडात ते छापलेलं आहे, बोललो तर चूक निघेल, नाही बोललो तर घंटा तर वाजणारच आहे. त्याचा हिशोब बरोबर आहे. तो बदलायचा तर असा प्रश्न द्यावा लागतो, ज्याचं उत्तर तुम्हालाही ठाऊक नाही आणि गाइड लिहिणाऱ्यालाही नाही. काल रात्री आपल्या शाळेवर किती पाऊस पडला? आपलं मैदान किती गुंठे? बारा वाजता सूर्य खरंच डोक्यावर असतो का? यांची उत्तरं मोजूनच मिळतात, आणि स्वतः मोजलेल्या आकड्यासाठी मूल भांडायला उठतं. ते भांडण सुरू झालं की निम्मं काम झालं.

पावसापासून सुरुवात करा, कारण गावात त्याहून मोठा विषय नाही. पर्जन्यमापक विकत आणू नका, सहावीला बनवायला सांगा. प्लास्टिकची सरळ भिंतींची बाटली, वरचा निमुळता भाग कापून उलटा आत बसवायचा, म्हणजे नरसाळंही होतं आणि बाष्पीभवनही कमी होतं. अशा बाटल्यांचा तळ खाचाखाचांचा असतो, तिथे मोजणी गंडते. म्हणून तळाशी थोडं सिमेंट ओतून सपाट करायचं आणि तिथून शून्य धरून बाहेर पट्टी चिकटवायची. जागा मोकळी हवी. जवळच्या झाडाची किंवा भिंतीची जेवढी उंची, त्याच्या किमान दुप्पट अंतरावर. हवामान खातं रोजचा पाऊस सकाळी साडेआठला मोजतं, तर आपणही साडेआठलाच मोजायचा. सुट्टीच्या दिवशी कोण येणार, हे मुलांनी ठरवायचं. शाळेजवळ राहणाऱ्या एखाद्या मुलीकडे ते काम आपोआप जातं आणि ती ते तुमच्यापेक्षा काटेकोरपणे करते.

आता यातलं गणित बघा. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे बरोबर एक लिटर पाणी. हे वाक्य सांगू नका, काढू द्या. १०० सेंटिमीटर गुणिले १०० सेंटिमीटर गुणिले ०.१ सेंटिमीटर, म्हणजे १००० घन सेंटिमीटर. सहावीतल्या मुलाला दशांश चिन्ह पहिल्यांदा उपयोगी पडलेलं इथे दिसतं. मग शाळेचा पत्रा मोजा. तीस फूट बाय वीस फुटांचा पत्रा म्हणजे ६०० चौरस फूट, सुमारे ५६ चौरस मीटर. वीस मिलिमीटरचा एक पाऊस झाला तर त्या पत्र्यावरून अकराशे लिटरच्या वर पाणी वाहून जातं. आणि मार्चमध्ये याच शाळेला टँकरची वाट बघावी लागते. हे मुलांना तुम्ही सांगायची गरज पडत नाही. त्यांच्यातलाच कुणीतरी म्हणतो, 'मग टाकी का नाही ठेवत?' उत्तर देऊ नका. ग्रामपंचायतीला पत्र लिहायला सांगा, आकड्यांसकट.

आठवीला थोडं अवघड रूप द्या. नरसाळ्याचं तोंड दहा सेंटिमीटर व्यासाचं आणि खालची नळी पाच सेंटिमीटरची असेल, तर नळीत चार मिलिमीटर पाणी चढलं म्हणजे पाऊस एकच मिलिमीटर. का? पहिल्या झटक्यात बहुतेक मुलं 'दोन' म्हणतात. त्यांना 'चूक' म्हणू नका. ग्लासने पाणी ओतून बघायला लावा.

महसूल मंडळाच्या पर्जन्यमापकावरचा आकडा आणि आपला आकडा शेजारी-शेजारी फळ्यावर लिहायला लागा. ते जुळणार नाहीत. कधी मंडळाच्या गावी ४० आणि तुमच्याकडे १२, कधी उलटं. यंत्र बिघडलं का, मोजणाऱ्याने चूक केली का, की पाऊसच शिवाराच्या एका अंगाला पडून गेला? वैज्ञानिक जे वाद घालतात तेच हे वाद, भाषा फक्त आपली. चोवीस तासांत ६५ मिलिमीटरपेक्षा जास्त पाऊस झाला की आपल्याकडे ती अतिवृष्टी धरली जाते आणि नुकसानभरपाईची चर्चा त्या आकड्याभोवती फिरते. त्यामुळे जुलै-ऑगस्टात एखादा पालक शाळेच्या फाटकाशी थांबून मुलाला विचारतो, 'किती झाला रं काल?' बापाने पोराला आकडा विचारणं, याचं मोल कुठल्या बक्षिसाला नाही. एक सावधगिरी मात्र बाळगा: शाळेचा आकडा सरकारी पुरावा नाही, हे पालकांना पहिल्याच दिवशी स्पष्ट सांगा, नाहीतर तुमच्या वहीची झेरॉक्स तहसीलमध्ये पोचेल.

नक्षत्रांचं काय करायचं, हा प्रश्न याच ओघात येतो. मृग लागला, आर्द्रा कोरडी गेली, हत्तीचा पाऊस, ही भाषा मुलं घरी ऐकतात आणि शाळेत ती अडाणीपणाची समजून दडवतात. दडवू देऊ नका. ही पावसाची नक्षत्रं म्हणजे सूर्य त्या-त्या वेळी ज्या नक्षत्रात असतो ती. ३६५ भागिले २७ केलं की साडेतेरा येतात, म्हणून एक नक्षत्र तेरा-चौदा दिवसांचं. आजी-आजोबांना विचारून प्रत्येक नक्षत्राबद्दलचं म्हणणं लिहून आणायला सांगा आणि वर्षाअखेरीस आपल्या वहीतला पाऊस नक्षत्रवार मांडून बघा. काही म्हणी जुळतील, काही नाही. पंचांगात प्रत्येक नक्षत्राला दिलेल्या वाहनावरून पाऊस सांगतात, तो भाग तर फार मजेत तपासता येतो. बेडूक वाहन असताना किती पडला, म्हैस असताना किती. आजीला खोटं पाडायला मुलाला घरी धाडू नका. मोजलेलं पुढे ठेवलं की मूल काय ते ठरवतं. अंधश्रद्धेवर भाषण ठोकून मुलांना विज्ञानाची गोडी लागलेली मी पाहिली नाही. हातचलाखीचे 'चमत्कार' करून दाखवणारे पाहुणे येतात, तेव्हा मुलं हसतात, टाळ्या देतात, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा गाइड उघडतात.

पाऊस थांबला की काठी रोवा. एक मीटरचा सरळ गज, ओळंबा लावून उभा, भोवती सपाट जमीन. सावलीच्या टोकाशी दर पाच मिनिटांनी खूण करायची, बारा वाजून दहा मिनिटांपासून एकपर्यंत. बाराला सूर्य डोक्यावर येतो, असं सगळ्या वर्गाचं ठाम मत असतं. सावली मात्र बारानंतरही आखडतच राहते. भारतीय प्रमाणवेळ ८२.५ अंश रेखांशाची, पुणे सुमारे ७३.९ अंशांवर, आणि एका अंशाला चार मिनिटं. म्हणजे आपली खरी दुपार सरासरी बारा पस्तीसला. त्यातही ती वर्षभर हलते. नोव्हेंबरच्या सुरुवातीला बारा अठराच्या आसपास, फेब्रुवारीच्या मध्यावर जवळजवळ बारा एकोणपन्नासला. नागपूरकडच्या शाळेशी ओळख असेल तर त्याच दिवशी त्यांनाही मोजायला सांगा. त्यांची दुपार आपल्या आधी होते, हे फोनवर ऐकताना मुलांच्या चेहऱ्याकडे बघा. पृथ्वी गोल आहे आणि फिरते हे वाक्य त्यांनी तिसरीपासून घोकलेलं असतं. ते आता त्यांच्या आकड्यांत येतं.

पुण्याच्या अक्षांशाला एक मीटरच्या काठीची दुपारची सर्वांत आखूड सावली २२ डिसेंबरला सुमारे ९० सेंटिमीटर असते आणि २१ मार्चच्या सुमारास ३३-३४ सेंटिमीटर. दिवाळीनंतर सुरू करून दर सोमवारी एक माप घेतलं, तरी एप्रिलपर्यंत छान वक्ररेषा मिळते. आलेखाचा कागद हा परीक्षेतला तीन गुणांचा प्रश्न असतो, त्या वर्षी तो मुलांचा होतो. गंमत म्हणजे २१ जूनला आपल्याकडे दुपारची सावली दक्षिणेला पडते, आठ-नऊ सेंटिमीटरच, पण दक्षिणेला. शून्य सावलीचा दिवस मात्र शाळेच्या वेळापत्रकाशी वैर धरून आहे. मेच्या मध्यावरचा सुट्टीत जातो, जुलैअखेरचा ढगांत. मेचा मुलांना घरी करायला द्या. अंगणात एक सरळ बाटली उभी करून बघायची, एवढंच काम आहे.

आता भागाकार. 'असर' या वार्षिक शैक्षणिक अहवालाच्या ग्रामीण पाहण्यांत देशभरातल्या आठवीच्या निम्म्याहून अधिक मुलांना तीन अंकी संख्येला एक अंकी संख्येने भागता येत नाही, असं वर्षानुवर्षं दिसतंय. तुमचा वर्ग याला अपवाद असेल तर आनंदच. नसेल, तर वर सांगितलेला प्रत्येक उपक्रम त्या मुलांसाठी आणखी एक अपमान ठरतो. सरासरी काढायची वेळ आली की ती मागे सरकतात, वही दुसऱ्याकडे देतात आणि 'मी दोरी धरतो' म्हणतात. 'याला विज्ञानात रस नाही' असं आपण लिहून मोकळे होतो. त्याला रस आहे, भागाकार येत नाही.

त्यासाठी रोज वीस मिनिटं बाजूला काढा. परिपाठानंतरची असतील तर उत्तम. इयत्ता मोडून, येतं-न येतं यावर गट करा. आठवीच्या मुलाला सहावीच्या मुलाशेजारी बसायची लाज वाटते, त्यावर उपाय म्हणजे त्याला 'बँक' करा. खेळातल्या शंभराच्या, दहाच्या आणि एक रुपयाच्या नोटा त्याच्याकडे. ५३२ रुपये चौघांत वाटायचे. शंभराच्या चार नोटा वाटल्या गेल्या, एक उरली, ती मोडायला बँकेकडे. तेरा दहा झाले, बारा वाटल्या, एक उरली, पुन्हा बँकेकडे. बारा सुटे, प्रत्येकी तीन. उत्तर १३३. कागदावर 'वरचा अंक खाली उतरवा' म्हणतात तेव्हा प्रत्यक्षात काय होतं, ते सुटे देणाऱ्या मुलाला सगळ्यात आधी कळतं. दिवाळीपर्यंत बहुतेक मुलं नोटा सोडून कागदावर येतात. घाई करू नका. या वीस मिनिटांत पाठ्यपुस्तक उघडू नका, केंद्रप्रमुख आले तरी.

वैदिक गणिताच्या नावाखाली झटपट युक्त्या शिकवणारे वर्ग हल्ली गावोगाव पोचलेत. ज्याला गुणाकार येतो त्याला त्या युक्तीची मजा वाटते. ज्याला येत नाही त्याच्यासाठी ती आणखी एक पाठ करायची गोष्ट. पैसे घालवू नका. त्यापेक्षा गावातल्या म्हाताऱ्यांना बोलवा. पावकी, निमकी, पाऊणकी, सव्वाकी, दीडकी, औटकी म्हणणारं कुणी ना कुणी अजून सापडतं. औटकी म्हणजे साडेतीनचा पाढा. सव्वाचे आठ दहा, औटाचे सहा एकवीस, हे म्हातारा धडाधड म्हणतो आणि आठवीचा मुलगा सव्वा गुणिले आठ करायला अंशाधिक अपूर्णांकात रूपांतर करत बसतो. अपूर्णांक बाजारात राबत होते, शाळेत येऊन अवघडले, हे मुलांना त्या तासाला दिसतं.

पोषण आहाराची खोली ही तुमची दुसरी प्रयोगशाळा. सहावी ते आठवीला माणशी १५० ग्रॅम तांदूळ आणि ३० ग्रॅम डाळ, पहिली ते पाचवीला १०० आणि २०. गुणोत्तर २:३, आणि तांदूळ-डाळीचं दोन्हीकडे ५:१. वरच्या वर्गांत आज ४३ मुलं, खालच्या वर्गांत ५८. तांदूळ किती? ६.४५ अधिक ५.८, म्हणजे १२.२५ किलो. पन्नास किलोचं पोतं किती दिवस पुरेल? चार दिवस, आणि एक किलो उरेल. इथे बाकीला अर्थ आहे. ती वजनकाट्यावर दिसते. आठवड्यातून एकदा हा हिशोब मुलांनी करावा आणि ताईंनी तो तपासावा. स्वयंपाक करणाऱ्या ताईंचा अंदाज बहुतेक वेळा मुलांच्या उत्तराच्या जवळ निघतो. त्यांना कधी कुणी 'तुम्हाला गणित येतं' असं म्हटलेलं नसतं, तेही होऊन जातं.

जमिनीचं मोजमाप करताना जरा जपून. गुंठा म्हणजे ३३ फूट बाय ३३ फूट, १०८९ चौरस फूट, आणि चाळीस गुंठ्यांचा एकर. मैदानावर फक्कीने एक गुंठा आखला की मुलं आत उभी राहून 'एवढाच?' म्हणतात. काटकोन आखायला गावातल्या गवंड्याला बोलवा. तो गुण्या लावेल, नाहीतर दोरीवर तीन, चार आणि पाच फुटांवर खुणा करून त्रिकोण ताणेल. सातवीच्या पुस्तकातला पायथागोरस त्याच्या रोजच्या कामात आहे, फक्त नाव वेगळं. सातबाऱ्यावर ०.८१ हेक्टर लिहिलेलं असतं आणि घरी 'दोन एकर' म्हणतात, हे कसं, तेही काढता येतं. पण मुलांना घरचा सातबारा आणायला सांगू नका. वर्गात भूमिहीन घरची मुलं असतात, ऊसतोडीला जाणाऱ्यांची असतात, भावकीचे वाद असतात. शाळेच्या जागेचा उतारा घ्या. तो सगळ्यांचा.

एक प्रश्न मात्र शेती असो-नसो सगळ्यांना भांडायला लावतो. दोन इंची एक पाइप आणि एक इंची दोन पाइप, पाणी सारखंच येईल का? मत घ्या, फळ्यावर लिहा, घरी विचारून यायला सांगा. दुसऱ्या दिवशी चौकटीच्या कागदावर दोन्ही वर्तुळं काढून चौकोन मोजू द्या. मोठ्याचं क्षेत्रफळ चौपट येतं. म्हणजे एक इंची चार पाइप लागतील, आणि पाइपच्या भिंतीशी पाण्याचं घर्षण धरलं तर चारही पुरणार नाहीत. 'पाय आर वर्ग' सूत्रातला वर्ग कुठून येतो, ते परत शिकवायला लागत नाही.

दुधाची गोष्ट सांगितल्याशिवाय मला राहवत नाही, कारण इतकं भौतिकशास्त्र इतक्या स्वस्तात दुसरीकडे मिळत नाही. संध्याकाळी संकलन केंद्रावर मुलांना न्या, आधी चालकांना विचारून. फॅट (स्निग्धांश) आणि एसएनएफ (स्निग्धांश सोडून दुधातले बाकीचे घन पदार्थ) हे शब्द मुलांना पाठ असतात. गाईच्या दुधाचा दर ३.५ आणि ८.५ ला धरतात आणि खाली आला की कापतात, हेही त्यांना ठाऊक असतं. लॅक्टोमीटर का तरंगतो आणि त्यावरचा २८ म्हणजे काय, हे कुणी विचारलेलं नसतं. २८ म्हणजे त्या दुधाची घनता पाण्याच्या १.०२८ पट. शाळेत आल्यावर तसंच यंत्र बनवा. जाडसर स्ट्रॉ, खालच्या तोंडाला मेण किंवा शाडूची गोळी, दोन-तीन बारीक खिळे वजनाला. पाण्यात दहा सेंटिमीटर बुडणारी नळी दुधात साधारण तीन मिलिमीटर वर उठते. बारीक खूण केली तरच दिसतं, आणि बारीक खूण का करायची ते मुलांना तिथे कळतं.

मग कोडं टाका. दुधात पाणी घातलं तर आकडा खाली येतो, हे सगळे सांगतात. साय काढून घेतली तर? 'पातळ झालं, खाली येईल,' असं जवळजवळ सगळा वर्ग म्हणतो. करून बघितलं की आकडा वर जातो. स्निग्धांश पाण्याहून हलका. तो काढला की उरलेलं दूध अधिक घन. मग एखादं पोरगं डोळे बारीक करून विचारतं, 'सर, म्हणजे साय काढून वर पाणी घातलं तर आकडा तोच राहील?' राहू शकतो. म्हणूनच डेअरीत नुसत्या लॅक्टोमीटरवर भागत नाही, फॅट वेगळं काढावं लागतं. ताजं, कोमट दूध आकडा कमी का दाखवतं, हा पुढचा प्रश्न. त्यासाठी तापमापक लागतो, म्हणून तो खरेदीत धरा. कुणाच्या घरचं दूध शाळेत तपासायचं नाही, हा नियम आधीच घालून घ्या. दूध शाळेनेच विकत आणायचं.

मुलींबद्दल तुम्ही काही विचारलेलं नाही, पण तुमच्या वर्गात काय होत असेल ते मी सांगू शकतो. गटात साहित्य मुलगे घेतात आणि नोंदी मुलींकडे जातात, 'तुझं अक्षर चांगलं आहे' म्हणून. हे आपोआप सुधारत नाही. दर आठवड्याला कामं फिरतील असा तक्ता भिंतीवर लावा: मोजणारा, धरणारा, लिहिणारा, तपासणारा. आठवी संपताना हायस्कूल पाच-सात किलोमीटरवर असेल तर मुलीचं पुढे काय होणार, याचा निर्णय घरी होतो. तिथे वडिलांना दाखवायला काहीतरी हातात हवं. एनएमएमएस ही शिष्यवृत्ती परीक्षा त्यासाठी कामाची आहे. आठवीत बसायचं, पात्र झालं तर नववी ते बारावी वर्षाला १२ हजार रुपये, उत्पन्नाची मर्यादा साडेतीन लाख. त्यातल्या बुद्धिमत्ता चाचणीला ज्या प्रकारचा विचार लागतो, तो मोजमाप करणाऱ्या मुलांना सोपा जातो. शिकवणीचे वेगळे तास त्यानंतर लावा.

विज्ञान प्रदर्शनाबद्दल माझं मत कडवट आहे. तालुक्याला थर्मोकोलचा ज्वालामुखी आणि इंटरनेटवरून उचललेलं हायड्रॉलिक जेसीबी दरवर्षी येतं, आणि ते बहुतेक वेळा काकाने किंवा सरांनी बनवलेलं असतं. मुलांनी पावसाची वही आणि सावलीचा आलेख नेला, तर कदाचित नंबर येणार नाही. तरी न्या. परीक्षकाने प्रश्न विचारल्यावर तुमची मुलं उत्तर देतील, एवढं नक्की. बाल आठवडे बाजाराचंही तेच. बॅनर मोठा होतो, पाहुणे मेथीची जुडी हातात धरून फोटो काढतात, आणि नफा-तोट्याचा हिशोब कुणी मांडत नाही. बाजाराच्या दुसऱ्या दिवशीचे दोन तास हिशोबाला राखून ठेवले तरच तो भरवा.

सहल काढायची असेल तर जुन्नर तालुक्यातल्या खोडदला, जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीला, २८ फेब्रुवारीच्या विज्ञान दिनाला जा. त्या सुमाराला तिथे सगळ्यांना प्रवेश असतो आणि परिसरातल्या शाळांचं प्रदर्शनही भरतं. ४५ मीटर व्यासाच्या तीस अँटेना आहेत. जाण्याच्या आदल्या आठवड्यात मैदानावर दोरीने ४५ मीटर व्यासाचं वर्तुळ आखून घ्या. मावलं नाही तर तेही मुलांना सांगू द्या. शिरूर तालुक्यातल्या पाबळला डॉ. कलबागांनी १९८३ मध्ये सुरू केलेला विज्ञान आश्रम आहे. हाताने काम करत शिकणं म्हणजे काय, ते तिथे मुलांपेक्षा शिक्षकांनी आधी बघावं. आणि अरविंद गुप्तांची टाकाऊतून खेळणी तुम्हाला माहीत असतीलच. काडेपेटीच्या काड्या आणि सायकलच्या व्हॉल्व ट्यूबचे सांधे यांतून त्रिकोण का डगमगत नाही आणि चौकोन का डगमगतो, हे दहा मिनिटांत कळतं. त्यांच्या संकेतस्थळावर मराठीतही भरपूर सामग्री फुकट आहे.

राहता राहिली खरेदी. त्याआधी कपाट उघडा. समग्र शिक्षाची विज्ञान पेटी आत असण्याची शक्यता मोठी आहे, आणि ती बंद असण्याचं कारण म्हणजे डेडस्टॉक, शाळेच्या कायमस्वरूपी वस्तूंची नोंदवही. परीक्षानळी फुटली तर भरून कोण देणार, या भीतीने भिंगसुद्धा कुलपात राहतं. समितीच्या बैठकीत ठराव करून घ्या की काचसामान आणि रसायनं उपभोग्य वस्तूंच्या नोंदवहीत जातील आणि फुटलेलं मुलांकडून वसूल होणार नाही. या एका ठरावाने बोर्डापेक्षा जास्त काम होईल.

मग घ्यायचं ते असं: तीस मीटरची फायबर टेप, पाच किलोपर्यंतचा डिजिटल वजनकाटा, दोन ताणकाटे, चार साधे तापमापक, दोन होकायंत्रं, डझनभर भिंगं, वेगवेगळ्या मापांची मोजपात्रं, एक लॅक्टोमीटर, ओळंबा, आणि आलेखाच्या वह्या मुलागणिक एक. दुर्बिणीचा मुख्याध्यापकांचा हट्ट मोडू नका, पुढच्या वर्षावर ढकला. तेव्हाही मोठ्या नळीच्या स्वस्त दुर्बिणीपेक्षा १० बाय ५० ची चांगली द्विनेत्री घ्या. गुरूचे चंद्र तिच्यातून दिसतात, आणि ती भिंतीवर कोपरं टेकवून सातवीच्या मुलालाही धरता येते. सूर्याकडे ती कधीही रोखायची नाही, हे पेटीवरच लिहून ठेवा. सरपंचांना काय सांगायचं ही तुमची खरी अडचण असावी. त्यांना पंधरा ऑगस्टच्या ग्रामसभेत दहा मिनिटं मागा. खर्चाचा हिशोब आणि जूनपासूनच्या पावसाचा तक्ता, दोन्ही मुलांनाच वाचू द्या, आणि ग्रामस्थांचे प्रश्नही त्यांनाच घेऊ द्या. बोर्डाचा विषय त्यानंतर निघाला तर निघू दे.